सरकती सीमा : बंदुकांच्या हौशी संग्राहकापुढील आत्मनियमनाचा प्रश्न

हौस असणे आणि हौस आवरता न येणे या दोन अवस्थांमधील अंतर बाहेरून पाहणाऱ्यास मोठे वाटते. स्वतः संग्राहकाला मात्र ते आपण केव्हा ओलांडले, हे नेमके सांगता येत नाही. पहिली वस्तू आवडली म्हणून घेतलेली असते, दुसरी पहिलीला जोड म्हणून आणि तिसरी पहिल्या दोहोंमधील उणीव भरून काढण्यासाठी. दहाव्या वस्तूपाशी 'आता पुरे' असा निश्चय होतो, आणि अकरावी घरात येते तेव्हा तो निश्चय मोडला असे न वाटता, ही वस्तू त्या निश्चयाला अपवाद होती असे वाटते. संग्रहवृत्तीचा अभ्यास करणाऱ्याला खरे कोडे पडते ते येथेच.

या कोड्याचा विचार करण्यास अमेरिकेतील बंदुकांच्या हौशी संग्राहकाचे उदाहरण विशेष सोयीचे आहे. तेथे बंदूक विकत घेण्यास सर्वसाधारण नागरिकाला फारसा अडथळा नाही. किती बंदुका बाळगाव्यात यावर संघराज्याच्या कायद्याची संख्यात्मक मर्यादा नाही. आणि जुन्या शस्त्रांचा बाजार मोठा आहे. बाहेरचा बांध जेथे नाही, तेथे आतला बांध कसा घातला जातो आणि तो का फुटतो, हे अधिक स्पष्ट दिसते. प्रस्तुत लेखात शस्त्रनियंत्रणाच्या राजकीय वादाचा विचार केलेला नाही. 'पुरे' हा शब्द उच्चारणे संग्राहकाला इतके अवघड का जाते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

१. प्रश्नाची व्याप्ती

२०१७ साली प्यू संशोधन केंद्राने केलेल्या पाहणीनुसार बंदूक बाळगणाऱ्या अमेरिकन प्रौढांपैकी ६६ टक्के लोकांकडे एकाहून अधिक बंदुका होत्या. २९ टक्के लोकांकडे पाच किंवा त्याहून अधिक होत्या. हार्वर्ड व नॉर्थईस्टर्न या विद्यापीठांतील संशोधकांनी २०१५ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीतून याहून बोलका निष्कर्ष निघाला. देशातील खाजगी बंदुकांपैकी सुमारे निम्म्या बंदुका बंदूकधारकांतील केवळ १४ टक्के लोकांच्या, म्हणजे एकंदर प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांच्या हाती होत्या, आणि या गटात दर माणशी सरासरी १७ बंदुका येत होत्या. हे सर्व लोक संग्राहक होत असे नव्हे. त्यांत शिकारी आहेत, नेमबाज आहेत, स्वसंरक्षणाच्या चिंतेने खरेदी करणारेही आहेत. तथापि सतरा बंदुकांची गरज केवळ उपयुक्ततेने सिद्ध करणे कठीण आहे. एका वेळी एकच बंदूक खांद्याला लावता येते.

येथे संग्राहक आणि साठेबाज यांत भेद केला पाहिजे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत साठवणुकीच्या विकृतीला स्वतंत्र स्थान मिळाले. परंतु सर्वसाधारण संग्रहवृत्ती त्या व्याख्येत बसत नाही. साठेबाजाच्या घरात वस्तूंचा ढीग असतो व टाकून देण्याच्या कल्पनेनेच त्याला यातना होतात. संग्राहकाच्या घरात क्रम असतो, वर्गवारी असते, प्रत्येक वस्तूचा इतिहास त्याला मुखोद्गत असतो. त्यामुळे त्याचा झगडा रोग्याचा झगडा नसून शहाण्या, अभ्यासू आणि बहुधा हिशेबी माणसाचा झगडा असतो. आणि म्हणूनच तो अधिक विचारार्ह ठरतो.

२. संग्रहाची रचना

संग्राहकाला थांबता येत नाही याचे कारण त्याच्या स्वभावातील लोभ, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः त्याचे पहिले कारण संग्रहाच्या रचनेतच आहे.

मोसिन-नागां ही रशियन रायफल उदाहरणादाखल घेता येईल. १८९१ साली रशियन सैन्याने ती स्वीकारली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तिचे जुने साठे अमेरिकेत मोठ्या संख्येने आले, आणि बरीच वर्षे ती शंभर डॉलरांच्या आतबाहेर मिळत असे. अनेक तरुण संग्राहकांची सुरुवात या रायफलीने झाली ती याच कारणाने. विकत घेताना ती एकच वस्तू असते. परंतु घरी आणून नळीच्या मुळाशी असलेले ठसे वाचू लागताच ती एका मालिकेचा अंश होते. ही तूला येथील की इझेव्स्क येथील? १८९१ च्या मूळ नमुन्याची, की १९३० च्या सुधारित नमुन्याची? १९३८ व १९४४ च्या आखूड कार्बाइनी निराळ्याच. पहिल्या महायुद्धात झारच्या सरकारसाठी हीच रायफल अमेरिकेत रेमिंग्टन व वेस्टिंगहाऊस या कंपन्यांनी तयार केली होती. फिनलंडने हाती आलेल्या रायफलींना नव्या नळ्या व दस्ते बसवून आपले स्वतंत्र नमुने सिद्ध केले. अशा रीतीने एका रायफलीच्या खरेदीने एक गरज भागत नाही. दहा-पंधरा रिकाम्या जागा मात्र निर्माण होतात. काल ज्या उणिवेची जाणीवही नव्हती, ती आज कपाटात डोळ्यांपुढे दिसू लागते.

ली-एनफिल्ड रायफलीची कथाही अशीच आहे. ती इंग्लंडमध्ये तयार झाली, तशीच ऑस्ट्रेलियातील लिथगो, कॅनडातील लाँग ब्रँच आणि बंगालमधील ईशापूर येथेही तयार झाली. ईशापूरच्या कारखान्यात १९६० च्या दशकात नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी बनविलेल्या रायफली आज अमेरिकन संग्राहकांच्या कपाटांत आढळतात. भारतीय कारागिराने सैनिकासाठी घडविलेले ते हत्यार तेथे मालिकेतील एक 'रिकामी जागा' भरण्याचे काम करीत असते.

याशिवाय आणखी एक यंत्रणा कार्य करते. फ्रेंच विचारवंत दिदरो याने १७६९ च्या सुमारास आपल्या जुन्या झग्याविषयी एक निबंध लिहिला. भेट मिळालेल्या नव्या झग्यापुढे खोलीतील प्रत्येक जुनी वस्तू त्याला विशोभित दिसू लागली, आणि एकेक करून त्याने त्या सर्व बदलल्या. मानवशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८८ साली या प्रवृत्तीला 'दिदरो-परिणाम' असे नाव दिले. बंदुकीच्या बाबतीत हा परिणाम अगदी ठळक असतो. नव्या नमुन्याबरोबर नव्या मापाची काडतुसे आली, संगीन आली, चामड्याचा पट्टा आला, त्या काळचे काडतुसांचे खिसे आले. आणि या साऱ्यांना सामावणारी मोठी लोखंडी तिजोरी आली. तिजोरी मोठी घेतली की तिच्यात मोकळी जागा राहते, आणि मोकळी जागा संग्राहकाला स्वस्थ बसू देत नाही.

बंदूक ही झिजून संपणारी वस्तू नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. निगा राखल्यास शंभर वर्षांपूर्वीची रायफल आजही चालते. कापड विटते, यंत्र मोडते, पुस्तकाला वाळवी लागते. त्यामुळे इतर वस्तूंच्या बाबतीत काळच काही प्रमाणात छाटणी करतो. येथे आवक आहे, पण नैसर्गिक जावक नाही.

३. शोधाचे सुख आणि स्वामित्वाचे सुख

'भोगाने वासना शमत नाही' हे तत्त्व भारतीय वाचकाला ययातीच्या आख्यानापासून परिचित आहे. परंतु संग्राहकाला ययातीच्या पंक्तीस बसविणे यथार्थ होणार नाही. ययाती भोगीत होता. संग्राहक बहुधा भोगीतही नाही. कित्येक संग्रहांतील बंदुकांतून वर्षानुवर्षे एकही गोळी सुटत नाही. काही बंदुका तर मूळ स्थितीत राहिल्या तरच त्यांचे मोल टिकते. मग सुख कशात आहे? ते शोधात आहे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत पडते.

या मताला मज्जाशास्त्राचा आधार मिळतो. शुल्ट्झ, डायान व माँटेग्यू यांनी १९९७ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार मेंदूतील डोपामिन-पेशींचा उद्दीपनाचा वेग लाभाच्या प्रमाणात वाढत नाही. लाभ अपेक्षेहून किती अधिक वा उणा ठरला, त्या फरकाच्या प्रमाणात तो बदलतो. पूर्णपणे अपेक्षित असलेला लाभ हाती आला तर त्या पेशी जवळजवळ निश्चल राहतात. लाभाची सूचना देणारे चिन्ह मात्र त्यांना जागे करते. लिलावाची यादी, प्रदर्शनातील कोपऱ्यातले टेबल, एखाद्या वृद्ध सैनिकाच्या कुटुंबाने विक्रीस काढलेली पेटी, ही सारी अशी चिन्हे होत. वस्तू हाती येताच चिन्हाचे कार्य संपते, आणि मन पुढच्या चिन्हाकडे वळते.

संग्रह पूर्णत्वाच्या जवळ जातो तेव्हा ही ओढ कमी होण्याऐवजी वाढते. क्लार्क हल याने १९३२ साली मांडलेल्या गृहीतकानुसार ध्येय जसजसे जवळ येते तसतसा प्राण्याचा वेग वाढतो. २००६ साली किव्हेट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांना कॉफीगृहाच्या ग्राहकांतही हेच आढळले. फुकट पेला मिळण्यास थोडेच शिक्के उरले असता लोक अधिक घाईने कॉफी घेऊ लागले. अमेरिकन सैन्याच्या एम-१ कार्बाइनचा संग्राहक याच घाईत सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कार्बाइनच्या उत्पादनाची कंत्राटे दहा मुख्य कंपन्यांना मिळाली होती. त्यांत आयबीएम होती, टंकलेखनयंत्रे करणारी अंडरवुड होती, आणि नाणे टाकून गाणी ऐकविणारी यंत्रे बनविणारी रॉक-ओला ही कंपनीही होती. इनलँडने सुमारे २६ लाख कार्बाइनी बनविल्या, तर रॉक-ओलाने केवळ सव्वादोन लाखांच्या आसपास. प्रत्येक कंपनीची एकेक, एवढाच संकल्प केला तर आरंभीच्या वस्तू स्वस्तात व लवकर मिळतात, शेवटच्या महाग व विलंबाने. म्हणजे मोह जेथे सर्वांत तीव्र असतो, तेथेच किंमतही सर्वांत चढी असते.

४. समर्थनाची भाषा

आपल्या खरेदीचे समर्थन संग्राहक ज्या शब्दांत करतो, त्यांची छाननी उद्बोधक आहे. तीन समर्थने वारंवार आढळतात.

पहिले समर्थन गुंतवणुकीचे. जुन्या बंदुकांच्या किंमती वाढतात हे अनेक नमुन्यांच्या बाबतीत खरे आहे. परंतु गुंतवणूक तिला म्हणावे, जी योग्य वेळी विकली जाते. काहनमन, नेट्श व थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉफीचा साधा पेला ज्यांना दिला गेला, त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत ही इतरांनी देऊ केलेल्या किंमतीच्या सुमारे दुप्पट होती. क्षणापूर्वी हाती आलेल्या पेल्याची ही कथा. मग स्वतः शोधून, पुसून, तेल देऊन ठेवलेल्या रायफलीची काय असेल? विकण्याची वेळ येते तेव्हा प्रत्येक गिऱ्हाईक कमीच देत आहे असे वाटते, आणि वस्तू कपाटात परत जाते.

दुसरे समर्थन दुर्मिळतेचे: आज घेतली नाही तर पुन्हा मिळणार नाही. अमेरिकेत या भीतीला राजकीय वाऱ्यांची जोड मिळते. नवे निर्बंध येणार अशी हवा निर्माण होताच दुकानांत गर्दी होते. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकट राज्यातील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर निर्बंधांची चर्चा सुरू होताच असेच घडले. २०२० साली महामारी व अस्वस्थता यांच्या काळात खरेदीपूर्व चौकशीचे अर्ज ३ कोटी ९० लाखांच्याही पुढे गेले. प्रत्येक अर्ज म्हणजे एक विक्री नव्हे, तरी कल स्पष्ट आहे. एरवी महिनाभर विचार करणारा माणूस अशा वेळी तासाभरात निर्णय घेतो.

तिसरे समर्थन सर्वांत सूक्ष्म आहे: 'ही शेवटची.' जॉर्ज एन्स्ली यांनी १९७५ पासून केलेल्या विवेचनातून याचे मर्म कळते. दूरच्या दोन लाभांची तुलना करताना माणूस मोठ्या पण उशिरा मिळणाऱ्या लाभाची निवड करतो. लहान लाभ अगदी हाताशी आला की त्याची निवड उलटते, आणि लाभ दूर गेल्यावर पुन्हा पूर्ववत होते. म्हणून 'पुढच्या वर्षी एकही नाही' हा संकल्प खोटा नसतो. तो दुरून केलेला असतो. शनिवारच्या प्रदर्शनात टेबलावर ती बंदूक प्रत्यक्ष दिसते, तेव्हा निर्णय घेणारा माणूस तोच असला तरी त्याचे माप बदललेले असते.

५. दोन प्रकारच्या सीमा

या सर्व विवेचनाचे सार अमेरिकन कायद्यातीलच एका भेदाच्या साहाय्याने मांडता येते. १९६८ च्या बंदूक-नियंत्रण कायद्यानुसार १८९८ साली किंवा त्यापूर्वी तयार झालेली बंदूक पुरातन वस्तू समजली जाते. ही सीमा स्थिर आहे. कितीही वर्षे लोटली तरी १८९९ ची बंदूक त्या वर्गात शिरत नाही. याच कायद्याखाली संग्राहकांसाठी एक वेगळा परवाना आहे, आणि तो ज्या 'कुतूहलाच्या व स्मरणीय' शस्त्रांना लागू पडतो त्यांत, मूळ स्वरूपात राहिलेली व किमान ५० वर्षांपूर्वी तयार झालेली शस्त्रे येतात. ही सीमा सरकती आहे. २०१९ साली १९६९ च्या बंदुका या वर्गात आल्या, पुढल्या वर्षी १९७० च्या. कॅलेंडरचे पान उलटले की संग्राहकाचे क्षेत्र वाढते. त्याने स्वतः काहीही करावे लागत नाही.

संग्राहकाचे स्वतःशी केलेले संकल्प बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात. 'जागा आहे तोवर', 'पैसा शिल्लक आहे तोवर', 'चांगली वस्तू मिळाली तरच' या साऱ्या सीमा वरकरणी बांधासारख्या दिसतात. परंतु संग्राहक पुढे सरकला की त्याही पुढे सरकतात. जागा वाढविता येते, पैसा दुसऱ्या खर्चातून वळविता येतो, आणि 'चांगली' या विशेषणाचा अर्थ तर समोरची वस्तूच ठरविते. निश्चय मोडतो तो केवळ इच्छाशक्ती दुबळी म्हणून नव्हे. ज्या रेषेवर तो उभा केला होता ती रेषाच स्थिर नव्हती म्हणून.

यावरून उपायांची दिशाही कळते. अनुभवी संग्राहक जे नियम स्वतःवर घालून घेतात, त्यांतील टिकणारे नियम स्थिर सीमेचे असतात. एक आत आली तर एक बाहेर गेलीच पाहिजे, हा त्यांतील सर्वांत साधा नियम; बंदुकीला नसलेली जावक तो कृत्रिम रीतीने निर्माण करतो. दुसरा नियम क्षेत्र बंद करण्याचा: एकच देश, एकच कालखंड, आणि मालिकेची यादी पहिल्या खरेदीपूर्वीच लिहून ठेवलेली. तिसरा नियम कालावधीचा: वस्तू दिसल्यावर ठरावीक दिवस लोटल्याखेरीज पैसे द्यावयाचे नाहीत. व्हर्जिनिया राज्यात १९९३ पासून २०१२ पर्यंत महिन्याला एकाहून अधिक पिस्तूल घेण्यास बंदी होती व २०२० साली ती पुन्हा आली. त्या कायद्याचा हेतू अवैध व्यापार रोखण्याचा होता. परंतु वेगावर घातलेली मर्यादा आवेगालाही विसावा देते, हे मानसशास्त्रदृष्ट्या उघड आहे.

परवानाधारक संग्राहकाला कायद्याने एक नोंदवही ठेवावी लागते. तिच्यात शस्त्र कोणाकडून, केव्हा आले याचा एक भाग असतो. कोणाकडे, केव्हा गेले याचा दुसरा. हे बंधन शासनाच्या सोयीसाठी असले तरी आत्मपरीक्षणाचे याहून चांगले साधन मिळणे कठीण. डावीकडील रकाने भरलेले आणि उजवीकडील कोरे, हे दृश्य पानामागून पान पाहिले म्हणजे 'गुंतवणूक' व 'शेवटची' या दोन्ही शब्दांची कसोटी आपोआप लागते. याच वहीतील एखादी नोंद घरच्या माणसांना दाखविण्यास संकोच वाटू लागला, तर हौसेचे रूप पालटले आहे असे समजावयास हरकत नाही.

६. भारतीय स्थितीशी तुलना

भारतात हा प्रश्न अशा स्वरूपात उद्भवत नाही, याचे कारण भारतीय माणूस अधिक विरक्त आहे असे नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन बंदुकांची मर्यादा घालण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनांवर आणली गेली. येथे स्थिर सीमा राज्याने आखली आहे, त्यामुळे व्यक्तीला ती स्वतः आखावी लागत नाही. मात्र जेथे कायद्याची सीमा नाही, त्या क्षेत्रांत, म्हणजे नाणी, ग्रंथ, दिवे, चित्रे यांच्या बाबतीत, येथील संग्राहकही त्याच झगड्यात सापडतो.

अशा वेळी संग्रहाला सीमेइतकीच गंतव्याचीही गरज असते. हस्तलिखितांचा इंग्लिश संग्राहक सर थॉमस फिलिप्स (१७९२–१८७२) याने जगातील प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मिळविण्याची आकांक्षा धरली. कर्जे झाली, घर कागदांनी भरले, आणि त्याच्या मृत्यूनंतर तो संग्रह विकून संपविण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. उलटपक्षी पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास आरंभिलेला संग्रह काही थोडा नव्हता. सुमारे वीस हजार वस्तू त्यात जमल्या. परंतु दिवंगत पुत्राच्या स्मृतीशी तो संग्रह जोडलेला होता, आणि १९७५ साली त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रह कोणासाठी, या प्रश्नाला तेथे उत्तर होते. बंदुकांच्या संग्राहकाला हा प्रश्न अधिकच निकडीने विचारावा लागतो. कारण त्याच्या पश्चात वारसांच्या हाती पडणारी वस्तू निरुपद्रवी नसते. कॅलिफोर्नियातील रहिवाशांविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट, तर स्त्रियांत पस्तीसपटीहून अधिक आढळले. ही जोखीम बहुतांशी पहिल्याच पिस्तुलाबरोबर घरात येते. त्यानंतरचे प्रत्येक शस्त्र कुलपाची, चोरीची व वारसाची चिंता वाढविते.

७. समारोप

संग्राहकाला मिळणारे ज्ञान खोटे नसते. एका रायफलीच्या ठशांवरून झारचे कंत्राट, फिनलंडचे युद्ध आणि बंगालमधील कारखाना वाचणारा माणूस इतिहासाचा खरा वाचक असतो. त्याची चूक इतकीच की, ज्ञानाची वाढ आणि संख्येची वाढ या दोन गोष्टी तो एकच समजतो. पहिलीला सीमा असण्याचे कारण नाही. दुसरीला ती असलीच पाहिजे, आणि ती मोहाचा क्षण येण्यापूर्वी आखलेली असली पाहिजे. ज्या संग्राहकाला हा भेद उमगतो, तो खरेदी थांबविताना हौसेचा त्याग करीत नाही. हाती असलेल्या दहा बंदुकांविषयी त्याला अजून जे ठाऊक नसते, ते शोधण्यास तो मोकळा होतो. आणि शोधाचे जे सुख त्याला बाजारात भुलवीत होते, ते त्याला घरातल्या कपाटापाशीही लाभू शकते.